काळ्या जमिनीत खडीचा वाफा: नऊ महिने वापरल्यानंतर

निफाड तालुक्यातल्या काळ्या जमिनीत शोषखड्डा टिकत नाही. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्यातलं पाणी गल्लीत येतं. म्हणून वीस घरांच्या, शंभरेक माणसांच्या वस्तीवर गेल्या मे महिन्यात कर्दळीचा खडी-वाफा, म्हणजे कर्दळ लावलेल्या खडीतून सांडपाणी जाऊ देऊन ते स्वच्छ करणारा वाफा, सुरू झाला. त्यात संडासाचं पाणी नाही, फक्त मोरीचं आणि धुण्याभांड्याचं. जानेवारीअखेरपर्यंतचा हा अनुभव.

नळाचं पाणी माणशी 55 लिटर आणि त्याचं 80 टक्के सांडपाणी धरलं, की रोजचे 4,400 लिटर होतात. त्यासाठी आधी 500 लिटरचा तेलकट अडवणारा चेंबर, मग दोन कप्प्यांची 5,000 लिटरची गाळटाकी आणि शेवटी 20 बाय 5 मीटरचा, 60 सेंमी खोल वाफा. त्यात साधारण 21 ब्रास खडी बसते. खडीत 40 टक्के पोकळी धरली आणि पाणी खडीच्या थोडं खाली ठेवलं, तर ते आत साडेचार दिवसांहून थोडं जास्त राहतं, आणि तेवढं पुरतं.

अस्तराला शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आहे. त्याखाली 5 सेंमी चाळलेली माती हवीच, नाहीतर खडीच्या वजनानं भोकं पडतात. मध्ये 20 एमएम खडी, दोन्ही टोकांना अर्धा मीटर 40 एमएम. क्रशरची खडी धुतल्याशिवाय टाकू नका. तिची भुकटी तळाशी बसून चिखल होते आणि मग ती काढता येत नाही.

बाहेर पडणाऱ्या पाईपला फिरता एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावा. तो कलता करून पाणी खडीच्या 8 ते 10 सेंमी खाली ठेवलं, की वर ओल दिसत नाही आणि डासांची वाढ होत नाही. कर्दळीचे कंद चौरस मीटरला चार. मुळं धरेपर्यंत महिनाभर पातळी थोडी वर.

लोक कर्दळ बघून खूश होतात, पण सगळं यश आधीच्या दोन टाक्यांत आहे. गाळटाकीतून वाफ्याकडे जाणाऱ्या टी-पाईपची (टी आकाराच्या जोडाची) खालची बाजू कंत्राटदारानं जेमतेम 10 सेंमी बुडवली होती. वरचा तेलकट थर, सायीसारखा जाड आणि राखाडी, सरळ वाफ्यात गेला. ऑक्टोबरमध्ये पहिल्या मीटरभरात पाणी वर आलं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. तिथली एक ब्रास खडी उपसली तेव्हा प्रत्येक दगडावर बुळबुळीत काळं आवरण होतं. खडी धुऊन परत भरली आणि टी-पाईप 40 सेंमी बुडवला. तेव्हापासून तक्रार नाही. नवीन बांधणाऱ्यांनी हे एक माप तरी स्वतः टेप लावून बघावं.

चेंबरमधला थर आठवड्याला काढावा लागतो, दिवाळीच्या तळणात दोनदा. भांड्यांची राख आणि गोठ्याचं शेण टाक्यांत येऊ देऊ नये. द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर फवारणीचे पंप मोरीत धुणं सगळ्यात वाईट: मोरचुदातलं तांबं घाण खाणाऱ्या जिवाणूंना मारतं.

पावसाचं म्हणाल, तर 50 मिमी पडला की वाफ्यावर थेट 5,000 लिटर येतात, म्हणजे दिवसाच्या सांडपाण्याहून जास्त. तेवढं तो सोसतो. पत्र्याचं पाणी मात्र वेगळं काढा. निफाडच्या थंडीत कर्दळीची वाढ मंदावते, पानांच्या कडा करपतात. पाणी तरी नितळच राहिलं.

नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. हे पाणी नारळाला, गवताला, फुलझाडांना द्यावं. मेथी-कोथिंबिरीला कधीच नाही. उरलेलं नाल्यातून पुढे गोदावरीत आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यात जातं. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही जागा पाणवेलींनी भरू नये, एवढ्यासाठीही हा खर्च योग्य वाटतो.

गाळटाकीतला गाळ पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर आला की उपसायचा. काठी बुडवून पाहिलं, तर दीड मीटर खोलीत पहिल्या कप्प्यात 35 सेंमी गाळ आहे. म्हणजे उपसा मे महिन्यात, पावसाच्या आधी.