आधी स्टिक बदला, मग बाकीचं: पाऊण मापाच्या पॅक-मॅन कॅबिनेटचा अनुभव

घरगुती आर्केड कॅबिनेटमध्ये, म्हणजे गेम पार्लरमध्ये असायच्या तशा उभ्या मशीनमध्ये, फेरफार करायचे असतील तर पहिला खर्च जॉयस्टिकवर करा. स्क्रीन, रास्पबेरी पाय (खेळ चालवणारा छोटा संगणक), वरची उजळणारी पाटी हे सगळं त्यानंतर. न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये मूळ मशीनच्या पाऊण मापाचं पॅक-मॅन कॅबिनेट येऊन वर्ष होत आलं, आणि माझं हे मत दिवसेंदिवस पक्कंच होत गेलंय.

कॅबिनेट एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं), सुट्या फळ्यांत येतं. जोडणी सोपी, दिसायला देखणं, १७ इंची एलसीडी उभा बसवलेला. पण सोबतची स्टिक ढिली होती आणि वळणावर पॅक-मॅन सरळच जायचा. नामकोचा १९८० सालचा, भुतांना चुकवत चक्रव्यूहात ठिपके खाण्याचा हा खेळ चार दिशांच्या स्टिकसाठी केलेला आहे. आठ दिशांची स्टिक जरा तिरकी गेली की दिशा ओळखणारे दोन मायक्रोस्विच एकदम दाबले जातात, खेळाला मात्र तिरकी दिशाच नाही. वळण हुकतं आणि भूत गाठतं.

मी सान्वा या जपानी कंपनीची जेएलएफ नावाची स्टिक बसवली. तिच्या तळाशी चौकोनी गेट, म्हणजे स्टिकची हालचाल अडवणारी पट्टी असते. ती काढून ४५ अंशांत फिरवून लावली की स्टिक चार दिशांची होते. पहिल्याच डावात फरक कळतो! इतके महिने घरातल्या सगळ्यांनी पिळूनही तिची क्लिक तशीच खणखणीत आहे. बटणंही सान्वाचीच, ३० मिमीची. त्यांच्या पिना २.८ मिमीच्या असतात. अमेरिकन धाटणीच्या बटणांना बहुधा ४.८ मिमीच्या लागतात, तेव्हा वायरी मागवण्याआधी मोजून घ्या. भोकं लहान पडली तर गोल कानशीने वाढवता येतात. मास्क मात्र लावाच, एमडीएफची धूळ फार बारीक असते.

स्क्रीन मी मूळचाच ठेवला, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ पिक्सेलचं. माझा पॅनेल उभा धरला तर १०२४ बाय १२८०. चित्र नेमकं चौपट केलं की ८९६ बाय ११५२ होतं आणि चारही बाजूंना ६४ पिक्सेलची सारखी काळी कड उरते. रास्पबेरी पायवर इंटिजर स्केलिंग (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करण्याची सोय) चालू करा. चक्रव्यूहाच्या रेषा कशा रेखीव दिसतात बघा.

जुन्या मशीनमधल्या पिक्चर ट्यूबच्या स्क्रीनची मजा वेगळीच, हे मान्य. पण मशीन बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ती डिस्चार्ज करणारा जाणकार सोबत नसेल तर मागचं झाकण उघडू नये.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेले मित्र आले की मुस्तफा मागतात, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. त्याचं चित्र आडवं, त्यामुळे उभ्या स्क्रीनवर ते लहान दिसतं. शिवाय स्टिक पुन्हा आठ दिशांची करावी लागते. तोच तुमचा लाडका खेळ असेल तर आडव्या स्क्रीनचं कॅबिनेट घ्या.

महाराष्ट्रात नव्याने बनवून घेणार असाल तर एमडीएफच्या नादी लागू नका, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. पावसाळी दमटपणात ते फुगतं. १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय वापरा आणि सुताराला सांगून कंट्रोल पॅनेल बिजागरीवर घ्या, म्हणजे गेट फिरवायला दर वेळी स्क्रू काढावे लागणार नाहीत.