मंगळदास मार्केटमधलं फलालीन, बाळाच्या गोधडीसाठी

पुतणीच्या बाळासाठी गोधडी शिवायची म्हणून फलालीन (फ्लॅनेल) घ्यायला मुंबईच्या मंगळदास मार्केटला गेले. आतल्या गल्लीतल्या एका चिंचोळ्या दुकानात 44 इंच पन्ह्याचं मिळालं, 170 रुपये मीटर. एक फिकट पिवळं घेतलं आणि एक पांढऱ्यावर निळ्या ठिपक्यांचं.

‘सुतीच आहे ना काका?’ विचारल्यावर त्यांनी काठाचे दोन धागे ओढून काडीनं जाळून दाखवले. कागद जळल्यासारखा वास आला, राख बोटात भुरभुरली. पॉलिस्टर असतं तर कडक मणी उरला असता. फ्लॅनेलच्या नावाखाली फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरचं लवदार कापड, देणारे बरेच आहेत आणि त्यात घाम जिरत नाही, त्यामुळे दुकानदाराची ही तयारी मला फार मोलाची वाटली.

फलालीन आटतं, पॉपलिनपेक्षा जास्तच. बेतण्याआधी कोमट पाण्यातून काढलं तेव्हा मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर गेले. तेव्हा घेतानाच थोडं जास्त घ्या. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यातच गोधडीला चुण्या पडतील.

लव एकाच बाजूला आहे. ती बाजू दोन्हीकडून बाहेर ठेवली आणि मध्ये कापसाऐवजी जुन्या सुती साडीचा एक पदर घातला. मुंबईच्या हवेत एवढी ऊब पुष्कळ झाली. उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेला कापड ताणतं, त्यामुळे टाचण्या जवळजवळ लावाव्या लागतात. मशीनवर 14 नंबरची सुई आणि लांब टीप चांगली चालली, फक्त सुटलेली लव बॉबिनखाली साचते, ती ब्रशनं काढत राहायची. खरं सुख हातानं धावदोरा घालताना आहे. सुई तिन्ही थरांतून अलगद जाते, बोट दुखत नाही, आणि टाके लवेत बसून बाळाच्या अंगाला मुळीच टोचत नाहीत. पॉपलिनच्या दुपट्यांवर हे कधीच जमत नाही.

तक्रार एकच. ठिपक्यांच्या कापडावर थोड्या धुण्यांतच बारीक गोळे आले. पिवळं मात्र अजून छान मऊ आहे, पुन्हा घेईन तर तेच.

डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल पांघरूण नको म्हणतात, म्हणून पुतणी ही गोधडी दिवसा जमिनीवर अंथरून त्याला पालथं खेळवते. मार्केट रविवारी बंद असतं, आणि दुपारनंतर गल्लीत उभं राहायलाही जागा नसते, सकाळीच जा.