आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि आर्निका : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या दादरच्या इमारतीत कोणाचंही ऑपरेशन ठरलं की शेजारी विचारतात, "आर्निका सुरू केलीस का?" आर्निका म्हणजे मुका मार, काळंनिळं पडणं यावर देतात ते होमिओपॅथीचं औषध. आईचा गुडघ्याचा सांधा बदलायचा होता आणि होमिओपॅथीवर तिचा जुना विश्वास. नेहमीच्या डॉक्टरांनी आर्निका २०० दिली, नंतरच्या दुखण्यासाठी हायपेरिकम ३० हे दुसरं होमिओपॅथीचं औषध. साबुदाण्याहून बारीक पांढऱ्या गोळ्या, हात न लावता झाकणातून थेट जिभेवर.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांसमोर मी घरातल्या सगळ्या बाटल्या मांडल्या. आर्निकाला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी बंद केल्या त्या आईच्या लसणाच्या कॅप्सूल, कारण लसणाने रक्तस्राव वाढू शकतो. "साध्या" वाटणाऱ्या गोष्टीही सांगायच्या त्या यासाठीच.

नंतर मांडीपासून पोटरीपर्यंत निळं-जांभळं, मग हिरवट-पिवळं होत सगळं उतरलं. आई म्हणते, आर्निकाचा गुण. मला तसं म्हणवत नाही. त्याच दिवसांत बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणं, फिजिओथेरपी सगळं चालू होतं. शिवाय त्याच सर्जनकडे ऑपरेशन झालेल्या, आर्निका न घेतलेल्या शेजारच्या काकूंचा पायही तसाच निवळला. आणि औषधाच्या नावापुढचा आकडा म्हणजे त्याची पोटेन्सी; ३० पोटेन्सी म्हणजे मूळ औषध १०० पट पातळ करणं, तेही ३० वेळा. त्यात मूळ औषधाचा एखादा रेणू उरणंही जवळजवळ अशक्य. २०० तर त्याहून पातळ. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा कुठल्याच आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

आईला मात्र त्या गोळ्यांनी धीर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वेळ झाली की स्वतः बाटली मागायची. अंथरुणात पडून असताना तेवढं एक तिच्या हातात होतं, म्हणून मी कधी अडवलं नाही.

संताप आला तो एकदाच. ओळखीतल्या एका होमिओपॅथने फोनवर सांगितलं, "आता पेनकिलर थांबवा, हायपेरिकम पुरे." अहो, पेनकिलर घेऊन पाऊण तास झाल्याशिवाय आईचा गुडघा वाकतच नव्हता! आणि सुरुवातीच्या आठवड्यांत वाकवला नाही तर तो आखडतो. पेनकिलर आणि रक्त पातळ करणारी गोळी सर्जनच्या सांगण्याशिवाय मी एक वेळही चुकवू दिली नाही.

आता दुसऱ्या गुडघ्याची पाळी आहे. आईला हव्या तर गोळ्या देईन, पण भूलतज्ज्ञांना विचारून. आर्निकाचं मलम टाक्यांवर नाही, उघड्या जखमेवर ते लावायचं नसतं. आणि पोटरी दुखून सुजली, जखम लाल झाली किंवा ताप आला, तर थेट सर्जनला फोन.