स्वानसाँग: टेबलवरचा व्हॅम्पायर स्क्रीनवर किती उतरलाय? बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू टेबलवर व्हॅम्पायर (डायस टाकत, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचा रोलप्लेइंग गेम) खेळणाऱ्या माणसाचा आहे, त्यामुळं माझं सगळं मोजमाप तिथूनच येणार. सोलापुरात आमचा छोटा ग्रुप आहे, शनिवारी रात्री जुळे सोलापुरात एकाच्या वरच्या खोलीत बसतो, मध्ये कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, आणि बाजूला कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राच्या माहितीचं पान) आणि डायस. व्हॅम्पायर द मास्करेडची पाचवी एडिशन खेळतो, 2018 ची, जिला सगळे व्ही फाइव्ह म्हणतात. मूळ गेम 1991 चा आहे, व्हाइट वुल्फचा, मार्क राइन-हेगनने केलेला. स्वानसाँग हा त्याच जगावरचा व्हिडिओ गेम, मे 2022 मध्ये आला, बिग बॅड वुल्फ नावाच्या फ्रेंच स्टुडिओने बनवला. मी पावसाळ्यात सेलमध्ये घेतला आणि आता संक्रांत आली, एकदा पूर्ण संपवला, मग वेगळ्या पॉइंट्सने परत सुरू केला, आता तिसऱ्या रीतीने खेळतोय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: बॉस्टन शहर, व्हॅम्पायर लोकांची कॅमरिला नावाची सत्ता, हेझल आयव्हर्सन ही तिथली प्रिन्स (बाई असली तरी पदाचं नाव प्रिन्सच), मोठ्या कार्यक्रमाच्या रात्री हल्ला होतो, कोड रेड (धोक्याचा इशारा) लागतो आणि तीन व्हॅम्पायर तपासाला निघतात. गालेब व्हेंट्रू, एमेम टोरिअडोर, लेशा माल्केव्हियन (ही त्यांच्या क्लॅनची, म्हणजे व्हॅम्पायर घराण्यांची नावं). तिघांनाही तुम्हीच खेळायचं, आळीपाळीने. मारामारी अजिबात नाही. म्हणजे बटण दाबून कुणाला बडवायचं हा प्रकारच नाही, फिरायचं, शोधायचं, बोलायचं, आणि बोलण्यातच जिंकायचं किंवा हरायचं.

आता मुद्द्याचं. टेबलवरचा गेम व्हिडिओ गेममध्ये आणताना बहुतेक लोक क्लॅनची नावं आणतात, लाल डोळे, काळे कोट, क्लबमधलं म्युझिक आणतात, आणि समजतात झालं. पण व्ही फाइव्हचा जीव त्यात नाहीच. तिथं तुम्ही काहीही मोठं करायला गेलात की त्याची किंमत लागते. एखादी डिसिप्लिन (व्हॅम्पायरची खास शक्ती) वापरली की बहुतेक वेळा राउज चेक करायचा, एक डायस टाकायचा, सहा किंवा वर आलं तर वाचलात, नाहीतर हंगर (रक्ताची भूक) एकने वाढली. हंगर शून्य ते पाच. आणि जेवढी हंगर तेवढे तुमच्या पूलमधले (एका वेळी टाकायच्या डायसमधले) साधे डायस काढून त्या जागी हंगर डायस येतात, मग तुम्ही साधं कुलूप उघडायला गेलात तरी त्या डायसमधून आतलं जनावर डोकं वर काढतं. दहा-दहाची जोडी आली आणि त्यात हंगर डायस असला तर काम होतं पण रक्तबंबाळ होऊन होतं, त्याला मेसी क्रिटिकल म्हणतात. हंगर शून्यावर आणायची असेल तर माणूस मारल्याशिवाय येतच नाही. हा एक नियम सगळ्या पुस्तकाचं वजन पेलून उभा आहे असं माझं मत.

स्वानसाँगने डायस जवळजवळ काढून टाकलेत. हे ऐकून आमचा स्टोरीटेलर (टेबलवर गेम चालवणारा) पहिल्यांदा वैतागलाच, म्हणाला "डायस नाही तर काय खेळालास बे?" पण मी सहा-सात महिन्यांनंतरही हेच म्हणीन की त्यांनी डायस काढले पण हिशेब ठेवला, आणि तो हिशेब इतका कडक ठेवलाय की काही ठिकाणी टेबलपेक्षा जास्त जाणवतो. दोन खाती आहेत. बोलण्यातली आणि शोधाशोधीतली कौशल्यं वापरायची तर विलपॉवर (मनाची ताकद) खर्च होते. डिसिप्लिन वापरली की हंगर वाढते. दोन्ही मर्यादित, आणि मधे भरून काढायला जागा मोजक्याच. रक्त प्यायचं तर कुणी बघणार नाही अशा सेफ झोनमध्ये माणसाला घेऊन जावं लागतं, वेळेत थांबला नाहीत तर तो मरतो, आणि मेला की संशय वाढतो.

याचा परिणाम काय होतो बघा. समजा बंद खोली आहे. रखवालदाराला गालेबच्या डॉमिनेटने (दुसऱ्याच्या मनावर हुकूम चालवायच्या डिसिप्लिनने) बोलायला लावलं तर कोड मिळेल पण हंगर वाढेल. कॉम्प्युटर हॅक केला तर विलपॉवर जाईल. किंवा काहीच खर्च न करता अख्खं ऑफिस पालथं घालून कुठंतरी लिहिलेली चिठ्ठी शोधायची. आणि तुम्हाला माहीत असतं की या सीनच्या शेवटी कुणाशी तरी मोठी बोलाचाली होणारे आणि तिथं विलपॉवर लागणारे. मी अक्षरशः खुर्चीवरून उठून पाणी पिऊन आलोय एका दारासाठी. टेबलवर हे सुख क्वचित मिळतं, कारण तिथं बाकीचे चारजण "टाक की लवकर" म्हणून मागं लागलेले असतात.

त्या मोठ्या बोलाचालीला गेममध्ये कॉन्फ्रंटेशन म्हणतात, आणि या गेममधला सगळ्यात चांगला भाग तोच. समोरच्याचं पण कौशल्य असतं, तुमची पातळी वर असली तर तुम्ही जिंकता, खाली असली तर नाही, जादा विलपॉवर घालून फोकस करता येतं, समोरचाही करू शकतो, आणि चुका ठराविकच चालतात. म्हणजे नुसतं जास्त पॉइंटवालं वाक्य निवडून भागत नाही, समोरचा माणूस कसा आहे हे आधी खोल्या धुंडाळून, पत्रं वाचून कळलेलं असावं लागतं. ह्याच स्टुडिओने 2018 मध्ये द काउन्सिल नावाचा गेम केला होता, त्यातही ही पद्धत होती, इथं ती व्हॅम्पायरच्या अंगाला बरोबर बसली, कारण व्हॅम्पायरचं राजकारणच मुळी गोड बोलून गळा कापायचं आहे.

शीटबद्दल थोडं जास्त लिहितो कारण टेबलवाल्यांना हेच हवं असतं. तिघांचीही शीट तयार प्रोफाइलमधून घेता येते किंवा स्वतः पॉइंट वाटून करता येते. पहिल्या वेळी मी एमेमला बोलण्यात तरबेज केली, दुसऱ्या वेळी शोधाशोधीत, आणि त्याच खोल्यांमध्ये वेगळ्याच गोष्टी हाताला लागल्या, काही दारं जी पहिल्यांदा उघडली होती ती शेवटपर्यंत बंदच राहिली. सीन संपला की एक पान येतं, त्यात काय केलंत, काय हुकलं, किती एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) मिळाला ते सगळं दिसतं. हवं तिथं सेव्ह करून मागं जायची सोय नाही, जे झालं ते झालं. काही लोकांना याचा राग येतो, मला हे एकदम बरोबर वाटतं. टेबलवर पण स्टोरीटेलर "बरं, परत टाक" म्हणत नाही.

तिघांचा वेगळेपणा पण नुसता रंगरंगोटीचा नाही. एमेम सेलेरिटीने (अतिवेगाच्या डिसिप्लिनने) एका झटक्यात लांबच्या कठड्यावर जाते, म्हणून तिला खोली वेगळीच दिसते. लेशा दुसऱ्याचे कपडे घालून त्याचं रूप घेते आणि भरल्या माणसांतून चालत जाते. गालेब जातो सरळ समोरून, हुकूम सोडत. लेशाची मुलगी हॅल्सी तिच्याबरोबर असते आणि तिथंच मला व्ही फाइव्हमधला टचस्टोन आठवला, म्हणजे ज्या जिवंत माणसाला धरून व्हॅम्पायर अजून माणूस राहतो तो. हॅल्सीमुळं लेशाचे सीन पोटात कालवतात. पण बाकी दोघांना असा आधार तेवढा जाणवत नाही, आणि ही मला या गेमची सगळ्यात मोठी उणीव वाटते. शीटवरची कौशल्यं आणली, क्लॅन आणले, पण ह्युमॅनिटी (उरलेलं माणूसपण) हळूहळू झिजत जाण्याचं जे दुःख टेबलवर कित्येक सेशन साठत जातं, ते इथं नीट साठत नाही. हंगरने तुमची चाल अडते, मन फार कमी वेळा अडतं.

दुसरं, अचानकपणा. आमच्या टेबलवरचा एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. आमची क्रॉनिकल (सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट) सोलापुरातच घडते. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात नोस्फेराटू (विद्रूप दिसणाऱ्या व्हॅम्पायरांचा क्लॅन) राहतात, जुन्या पेठेतल्या एका व्हेंट्रूने 1930 चा मार्शल लॉ स्वतः पाहिलाय आणि तो अजून रात्री लष्करी बुटांचा आवाज ऐकतो. तर गड्ड्याच्या यात्रेत आमच्यातल्या गँगरेलवाल्याने (हा आणखी एक क्लॅन) ठरवलं की गर्दी आहे, सोपं भक्ष्य मिळेल, होम मैदानावर जाऊ. स्टोरीटेलर शांतपणे म्हणाला, "आज शोभेचं दारूकाम आहे." खोलीत दोन सेकंद कुणी बोललं नाही. आग म्हणजे व्हॅम्पायरचा काळ, अख्खं आकाश पेटणार, आणि हा हजारो माणसांच्या मधोमध, हंगर चार. फ्रेन्झीची (भान सुटून जनावर होण्याची) टेस्ट, विलपॉवर अधिक ह्युमॅनिटीचा एक तृतीयांश, डायस पडले, आणि पुढं तीन शनिवार आम्ही फक्त त्या रात्रीची निस्तरानिस्तर खेळलो. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. स्वानसाँगमध्ये असं होऊ शकत नाही. तिथं लिहिणाऱ्याने जेवढे रस्ते खणलेत तेवढेच आहेत, चांगले खणलेत, पण तुम्ही आडरानात शिरू शकत नाही.

ही अडचण या जगावरच्या सगळ्याच गेमना आली आणि प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. 2004 चा ब्लडलाइन्स, ट्रॉयकावाल्यांचा, हाफ-लाइफ 2 च्याच दिवशी बाजारात आला आणि पुढच्या वर्षी स्टुडिओच बंद पडला, पण क्लॅन बदलला की जग बदलतं हे त्याच्याइतकं कुणीच दाखवलं नाही: नोस्फेराटू घेतला तर माणसांसमोर उघड फिरताच येत नाही, गटारातून जावं लागतं, माल्केव्हियन घेतला तर तुमची सगळी वाक्यंच वेगळी. चाहत्यांच्या अनऑफिशियल पॅचमुळं तो अजून जिवंत आहे. कोटरीज ऑफ न्यूयॉर्क 2019 चा, वाचायचा गेम, वातावरण झकास पण शेवटाकडं तुमच्या हातात फारसं काही ठेवत नाही. नाइट रोड, 2020 चा, नुसता मजकूर, चित्रंबित्रं जवळजवळ नाहीत, ॲरिझोनाच्या वाळवंटात निरोप पोचवणारा व्हॅम्पायर, कारण फोन आणि ईमेलवर व्हॅम्पायर मारणाऱ्या शिकाऱ्यांची नजर आहे. तो मोबाइलवर चालतो, मी पुण्याला जाता-येता हुतात्मा एक्सप्रेसमध्ये वाचत खेळलोय, आणि शीटवर भरलेल्या आकड्यांना गोष्टीत वजन कसं द्यायचं हे त्यात फार चांगलं जमलंय. ज्यांच्याकडं भारी पीसी नाही त्यांनी बिनधास्त तिथून सुरू करा. ऑक्टोबर 2025 मध्ये ब्लडलाइन्स 2 आला, सिअ‍ॅटलमध्ये, तुम्ही सुरुवातीपासूनच जुने ताकदवान एल्डर. त्याबद्दल वेगळं लिहीन, इथं एवढंच की तो लढाईकडं झुकलाय, शीटवाल्या माणसाला ते पुरत नाही.

परत स्वानसाँगकडं. चेहरे ताठ आहेत, हे जगभर सगळ्यांनीच लिहिलंय आणि खरं आहे. संवादावर उभ्या असलेल्या गेममध्ये ओठ आणि डोळे हलताना खटकतात, सुरुवातीला जास्त, मग सवय होते. आपल्यासाठी भाषा इंग्रजीच, आणि जड इंग्रजी, सबटायटल चालू ठेवाच, कारण एक ओळ हुकली तर कॉन्फ्रंटेशनमध्ये तीच लागते. गेममधला कोडेक्स (माहितीकोश) पण वाचा, टाळू नका, नवीन माणसाला कॅमरिला, ट्रेमेअर, सेकंड इन्क्विझिशन ही नावं पहिल्या तासात डोक्यावरून जातात. कोडी काही ठिकाणी फार अवघड आहेत, वही जवळ ठेवा. माझी वही अर्धी भरलीये, त्यात बॉस्टनच्या इमारतींचे नकाशे आहेत आणि मागच्या पानांवर आमच्या क्रॉनिकलचे.

पूर्ण किमतीला घ्या असं मी म्हणणार नाही, सेलमध्ये दिसला की घ्या. मारामारी हवी असेल तर घेऊच नका. टेबल खेळत असाल तर नक्की घ्या, आणि एकटे असाल, आसपास ग्रुप मिळत नसेल, तर मग जास्तच घ्या, कारण एकट्याला शीट भरायचा आणि ती कामाला येताना बघायचा आनंद एवढा दुसरीकडं मिळायचा नाही.

आणि आमच्या स्टोरीटेलरने शेवटी स्वतः खेळून बघितला, एक रात्र जागून. त्यानंतर आमच्या टेबलवर कॉन्फ्रंटेशन आलंय. व्ही फाइव्हमध्ये शब्दांच्या लढाईत विलपॉवरला डॅमेज बसतंच, त्यावर त्याने एवढंच वाढवलं की प्रिन्ससमोर फक्त दोन चुका चालतील, आणि त्याची कमजोरी आधी शोधून आणली असेल तर एक जादा डायस. गेल्या शनिवारी त्या मार्शल लॉवाल्या व्हेंट्रूसमोर आमची पहिली चूक होऊन बसलीये, दुसरीची पाळी माझ्यावर आहे आणि माझी विलपॉवर एकच शिल्लक आहे.