कौटिल्याच्या नावाने बाकारा शिकवणारे 'गुरुजी'

₹१८,००० भरून मी पुण्यात दोन दिवसांचा वर्ग केला. विषय होता, कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथातल्या युद्धनीतीने कॅसिनोतला बाकारा कसा जिंकायचा. बाकारा हा पत्त्यांचा खेळ. त्यात 'बँकर' आणि 'प्लेअर' अशा दोन बाजू असतात; कोणती बाजू जिंकेल किंवा बरोबरी ('टाय') होईल, यावर पैसे लावायचे. शिकवणाऱ्याचं संस्कृत उत्तम होतं, माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. त्याने कौटिल्याचं षाड्गुण्य, म्हणजे राजाने शत्रूशी वागायचे सहा मार्ग, पत्त्यांच्या टेबलावर मांडून दाखवलं. आसन म्हणजे डाव सोडून बसायचं. यान म्हणजे हरलं की रक्कम दुप्पट करून चालून जायचं. द्वैधीभाव म्हणजे थोडे पैसे टायवरही लावायचे. बँकरवर जिंकलं तर ५ टक्के कमिशन कापतात, म्हणून 'शत्रूला खंडणी द्यायची नाही', कायम प्लेअरवरच लावायचं. मागच्या डावांचा बोर्ड म्हणजे आपले हेर.

मग आम्हा नऊ जणांना तो पणजीला, मांडवीतल्या बोटीवर घेऊन गेला. ₹५०० पासून सुरुवात केली. दोन तास बरे गेले. नंतर सलग सहा डाव बँकरचे आले आणि ५०० वरून १६,००० पर्यंत चढत ₹३१,५०० गेले. सातव्याला ३२,००० लावायचे, तर टेबलाची कमाल मर्यादा २०,००० ची! "टेबल बदला," तो म्हणाला. दुसऱ्या टेबलावरही तेच झालं.

घरी येऊन हिशेब मांडला. लागोपाठ सहा डाव हरण्याची शक्यता साधारण साठात एक. एका रात्रीत तेवढे डाव सहज होतात. कमिशन धरूनही बँकरवर लावलेल्या रकमेतून कॅसिनोला सरासरी १.०६ टक्के सुटतात, प्लेअरवर १.२४ आणि टायवर १४ हून जास्त. म्हणजे 'खंडणी' वाचवायला सांगून त्याने आम्हाला जास्त तोट्याच्या बाजूला बसवलं होतं. आणि मुळात लढाईत समोर माणूस असतो, त्याला चकवता येतं. बाकारात तिसरं पान कधी ओढायचं हे नियमाने आधीच ठरलेलं असतं, डीलरलाही निवड नसते. चकवणार कोणाला?

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात द्यूताचं प्रकरण आहे. तिथे द्यूताध्यक्ष, म्हणजे जुगारावर नेमलेला राज्याचा अधिकारी, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो. कौटिल्य जुगाऱ्याला जिंकायला शिकवत नाही, जुगारातून राज्याचा वाटा वसूल करतो. हे पान वर्गात एकदाही उघडलं गेलं नाही.

आमच्या गटाच्या खेळावर त्याला हिस्सा मिळत होता, हे आमच्यातल्या एकाला नंतर कळलं. पैसे परत मागितले, तर पावतीवर 'प्रशिक्षण शुल्क' एवढंच लिहिलंय, असं उत्तर आलं. आता त्याची नवी तुकडी कोल्हापुरात भरते आहे.