खाजनाच्या बांधावरचा उभा अँटेना: ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

माझे बाबा व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांची नवी आपत्कालीन संपर्क व्यवस्था, पूर्णपणे लागू झालं आणि जहाजांवरच्या मोर्सबरोबर (टिंब-रेघांची संदेशलिपी) ते पदही गेलं. बाबांच्या बोटांतलं मोर्स मात्र तसंच आहे. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या आमच्या घरी ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, म्हणून रोज रेडिओ संचापाशी बसायचे. अलीकडे ते कमी झालं होतं. घरातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर यांचा एवढा गोंगाट येतो की दूरचं स्टेशन त्यात बुडून जातं. बाहेर तार बांधावी, तर झाडावर दोरी फेकायला आता खांदा साथ देत नाही. म्हणून ऑक्टोबरात हा घडीचा अँटेना घेतला.

तिपाई, तिच्यावर सरकवून उघडणारी स्टीलची काठी आणि जमिनीवर पसरायच्या चार तारा, एवढंच सामान. २० मीटर बँडवर (हॅमचे बँड लहरीच्या लांबीवरून ओळखतात) पाव तरंगलांबी साधारण ५ मीटर होते आणि काठी तेवढी उघडते, त्यामुळे लांबीची कमतरता भरून काढणारी कॉइल नको, जुळवणी करणारा ट्यूनर नको. १५ मीटरसाठी ती ३.४ मीटरवर, १० मीटरसाठी २.५ मीटरवर आणायची. त्या खुणा मी लाल नेलपॉलिशने करून दिल्या आहेत. १० वॉटचा संच आणि बॅटरी धरून सगळं एका पिशवीत मावतं. बाबा एकटे, कुणाला हाक न मारता उभारतात. माझ्या लेखी पैसे इथेच वसूल झाले.

अंगणात हा अँटेना अगदी बेताचा वाटला होता. त्याचं खरं काम दिसलं ते खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी), भरतीचं पाणी पायाशी आल्यावर. खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता साध्या जमिनीच्या सुमारे हजारपट असते. उभ्या अँटेनाच्या लहरी त्यावरून क्षितिजालगत, कमी कोनात निघतात, आणि लांबच्या संपर्काला तेच हवं असतं. केनिया, मॉरिशस, कॅनरी बेटं, संध्याकाळी युरोप, सगळं १० वॉटवर. सूर्यावरच्या डागांचं पंचविसावं चक्र भरात होतं, तेव्हा या लहरी लांब जातात, त्याचाही यात वाटा आहेच. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिकडे आम्ही सामान नेत नाही. कांदळवनात तारा पसरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

बाबा घडीच्या स्टुलावर बसतात, मोर्स ठोकायची कळ मांडीला पट्ट्याने बांधलेली, वही गुडघ्यावर. घड्याळात तासाची पंधरा मिनिटं झाली की हात आपोआप थांबतो. जहाजावर ५०० किलोहर्ट्झवर दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत सगळ्यांनी गप्प राहायचं असे, कुणाची आपत्कालीन हाक असेल तर ऐकू यावी म्हणून. आज १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २० मीटर बँडवर, तसा नियम नाही. तरी ते तीन मिनिटं फक्त ऐकतात.

आता तक्रारी. खाऱ्या हवेने काठीच्या सांध्यांवर पांढरी पुटं चढतात आणि एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळला आहे त्याचं माप) नाचायला लागतो. दर वेळी घरी आल्यावर ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसावंच लागतं. तिपाई चिखलात रुतते, आम्ही तिन्ही पायांखाली चिऱ्याचे तुकडे ठेवतो. दुपारनंतर वारा सुटला की काठी फार डोलते, नायलॉनचे ताण द्यावेच लागतात. केबलचा जाड आट्यांचा कनेक्टर वयस्कर बोटांना त्रास देतो. पाव फेरा देऊन बसणारा बीएनसी अडॉप्टर लावला आणि प्रश्न मिटला. उत्पादकाने तो मुळातच द्यायला हवा होता.

४० मीटरवर मात्र निराशा. त्यासाठी कॉइल जोडावी लागते आणि कार्यक्षमता घसरते. सकाळी पुणे-कोल्हापूरच्या मंडळींशी गप्पा मारायच्या असतील तर लहर वर जाऊन जवळच उतरायला हवी, आणि ते काम कमी उंचीवर आडवी बांधलेली तार कितीतरी चांगलं करते. तेवढ्यासाठी हा घेऊ नका.

ढग गडगडू लागले की बांधावर धातूची काठी उभी करायची नाही, हा आमच्या घरचा पक्का नियम, म्हणून जूनपासून तो पिशवीत आहे. गणपती झाले की नवी, लांब केबल घ्यायची आहे, म्हणजे काठी पाण्याजवळ आणि बाबा माडाच्या सावलीत.