दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक स्पीकरजोडी आणि मधली स्विच बॉक्स

दोन अ‍ॅम्प्लिफायर आळीपाळीने एकाच स्पीकरजोडीला जोडणारी, आणि उलट बाजूने वापरल्यास एका अ‍ॅम्प्लिफायरवर दोन स्पीकरजोड्या ऐकवणारी ही पत्र्याची स्विच बॉक्स मी ऑनलाइन मागवली. तिच्यावर कोणत्याही ब्रँडचे नाव नाही. हाताने तारा बदलेपर्यंत आधीच्या आवाजातले बारकावे मनातून पुसट होतात. येथे मूठ फिरवली की तत्क्षणी बदल होतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरांच्या तुलनेसाठी तेवढ्यानेच पैसे वसूल होतात.

मात्र अशी कोणतीही पेटी जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासावी. काही स्वस्त पेट्यांत केवळ धन तारा बदलल्या जातात आणि सर्व ऋण टर्मिनले आत एकत्र जोडलेली असतात. ब्रिज रचनेच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, आणि आजचे अनेक क्लास-डी (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरांवर चालणारे) अ‍ॅम्प्लिफायर त्याच रचनेचे असतात, ऋण टर्मिनलावरही सिग्नल असतो. त्यामुळे अशा जोडणीने अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. या पेटीत दोन्ही चॅनेलांच्या चारही तारा बदलतात, आणि मूठ हळूहळू फिरवून पाहिले असता जुना संपर्क तुटल्यावरच नवा जुळतो.

आवाजाची पातळी जुळवण्याचे काम पेटी करत नाही. किंचित मोठा आवाज कानाला सरस वाटतो, म्हणून स्पीकरच्या टर्मिनलांवर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत, म्हणजे सुमारे ०.१ डेसिबलपर्यंत, जुळवून घ्यावे. स्पीकरांच्या तुलनेत तर पेटी अपुरीच पडते: ८७ आणि ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या (ठरावीक शक्तीवर मिळणाऱ्या आवाजाच्या) जोड्यांत समान आवाजासाठी पहिलीला दुप्पट शक्ती लागते, शिवाय खोलीतील जागेचा परिणाम वेगळाच.

खरी उणीव व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर वापरणाऱ्यांना जाणवेल. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेला असा अ‍ॅम्प्लिफायर भाराविना, म्हणजे आउटपुटला स्पीकर किंवा रेझिस्टर न जोडता, वाजवू नये, आणि ही पेटी न निवडलेला अ‍ॅम्प्लिफायर मोकळाच सोडते. त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पुरेशा करंट क्षमतेचा रोटरी स्विच, १२ बायंडिंग पोस्ट (तारा जोडण्याची टर्मिनले) आणि ८ ओहमचे जास्त वॅटचे रेझिस्टर आणून पेटी स्वतः बांधावी. त्या स्विचला आठ पोल (एकाच मुठीने एकत्र बदलणारे स्वतंत्र संपर्क) हवेत, म्हणजे न निवडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे रेझिस्टर आपोआप वळतील. आणि ते तापणार असल्याने खोक्याला भोके ठेवावीत.